शुभ दिशा

तीन फेब्रुवारी, रात्रीचे अकरा वाजून दहा.
हाचिनोहेत बर्फ आडवा पडतोय
आणि फडताळावर अजून एकशे बेचाळीस सुरळ्या.
भाताच्या, काळ्या शेवाळाच्या पानात आवळलेल्या, वीतभर लांब.
पोटात काकडी, अंडं,
खेकड्याच्या नावाखाली दुसराच कुठला मासा.
वर्षातून एकदा खातात,
शुभ दिशेला तोंड करून,
सबंध सुरळी संपेस्तोवर अवाक्षर न काढता.
यंदाची दिशा आग्नेयेहून थोडी दक्षिणेकडे.
भिंतीवरच्या कागदावर बाण मीच काढलाय.
तो नेमका कचऱ्याच्या खोलीकडे जातो,
त्याला मी काय करणार.

कंपनीनं आकडा दिला होता तीनशे.
ओनुमासाहेब म्हणाले, गेल्या साली ऐंशी उरल्या.
विभागाचा तरुण साहेब हसला,
म्हणाला, रिकामं फडताळ बघितलेलं गिऱ्हाईक
पुन्हा दार उघडत नाही.
मग तो आकडा आम्हाला वाटला गेला, प्रसादासारखा,
नको म्हणायची सोय नाही.
माझ्या नावावर दहा, थुईच्या नावावर दहा.
पैसे पगारातून.
थुई हायफाँगची, इथं भाषेच्या शाळेत.
आठवड्याला अठ्ठावीस तास काम, वर एक मिनिट चालत नाही.
दहा सुरळ्या म्हणजे तिचे साडेचार तास.
तिनं बोटांवर हिशोब केला, मान डोलावली.
आमच्याकडे मान डोलावली म्हणजे होय असं नसतं.
ऐकू आलं, एवढंच.

बाराला दोन मिनिटं असताना मी यंत्र हातात घेते.
टिक.
टिक.
वेळ टळली की गल्ला विकतच नाही, किंचाळतो.
एकदा एक ट्रकवाला बारा वाजून एक मिनिटानं आला,
हातात सुटे पैसे मोजून तयार.
त्याच्यादेखत मी डबा पिशवीत टाकला
आणि वाकून क्षमा मागितली, कुणाची ते आठवत नाही.
अर्ध्या किमतीत द्यायचं नाही, फुकट द्यायचं नाही, घरी न्यायचं नाही.
फेकलेल्याचा भुर्दंड मात्र ओनुमासाहेबांना, कंपनीला नव्हे.
त्यांची बायको दिवसा गल्ल्यावर, ते रात्री.
दोघांचं जेवण याच पिशवीतून निघतं, मला ठाऊक आहे.
त्यांना चालतं. ते मालक.

थुईला चाललं नाही.
गेल्या मंगळवारी तिनं भाताचा एक त्रिकोण खाल्ला,
टिक झालेला,
फ्रीजच्या मागे, तीन घासात.
कॅमेऱ्याला चौथाही दिसला.
कागद आला. साक्षीदार म्हणून माझं नाव.
मी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
मग शिक्का मारला.
तोमाबेची.
इतका स्वच्छ उमटला की कधी नव्हे.

आज तिच्या दहा सुरळ्या बाजूला ठेवल्यात,
पिशवीवर तिचं नाव, एक अक्षर चुकलेलं.
तिला काढून टाकलं, पण पैसे आधीच कापलेत.
म्हणजे ह्या विकल्या गेल्या.
यंत्र त्यांना ओळखत नाही.

सकाळी सहाला पाळी संपली. पिशवी उचलली.
तिचं वसतिगृह वायव्येला, मासळीबाजाराच्या पलीकडे,
शुभ दिशेकडे सगळी पाठ करून चालावं लागतं.
बर्फ गुडघ्याला. दोनदा वाटलं, परत फिरावं.

तिनं दार उघडलं, अंगावर दुकानाचंच जुनं जॅकेट,
बिल्ला काढल्याची भोकं दिसत होती.
मी म्हटलं, भात कडक झालाय.
ती म्हणाली, चहा आहे.

आम्ही जमिनीवर बसलो, तोंडं एकमेकींकडे.
पहिला घास तोंडात असतानाच ती बोलायला लागली,
तिच्या भाषेत, भराभर,
भाताची शितं उडत होती,
आणि ती थांबेना.
मला एक शब्द कळला नाही.
मी मान डोलावत राहिले.