सहा खण

घर विकलं तेव्हा ताउनो म्हणाला,
सहा खणांत बसेल तेवढंच आपलं.
आणि गुण्या, ओळंबा घेऊन शिरला व्हॅनमध्ये,
जी स्वतःच कायानीच्या उतारावर
तिरकी उभी.

बर्चचं प्लायवूड, बारा मिलिमीटर.
लोखंडी पट्ट्या नकोत, म्हणे, थंडीत आखडतात;
लाकडावर लाकूड, मध्ये मेण.
पाच खण सुतात सरकले.
वळणावर उघडू नयेत म्हणून तळाशी खाच:
आधी जरा उचल, मग ओढ.
मी आठवडाभर नुसतीच ओढत राहिले.

सहावा चाकाच्या कमानीवर अडला.
निम्म्यात कापला त्याने, चडफडत,
आणि मागे उरली वीतभर पोकळी
जी कागदावर नव्हती,
जिथे कुणाचाच हात पोचत नाही.

माझे लोकरीचे गुंडे, त्याचे गळ,
कॉफीचा डबा, एकच चांगली सुरी.
तराजू शेजारच्या हिल्क्काला दिला.
पियानोबद्दल कुणीच बोललं नाही.

इनारीच्या वाटेवर, पहिल्या डाव्या वळणाला,
टक्. घरंगळ. टक्.
"पेन्सिल," तो म्हणाला, कानामागे हात नेत.
काढायची तर आधी पलंग, मग खण सगळे,
मग अख्खा संसार रस्त्याच्या कडेला, डासांत.

राहू दे, म्हटलं.

आता डावीकडे वळलो की ती बोलते,
उजवीकडे वळलो की जागेवर जाते.
सरळ रस्ता लांबला, की आम्ही दोघंही
थोडा कान मागे ठेवून असतो.