खोलीचा रकाना

रेणापुरात माझ्या माळवदावर एक अँटेना आहे.
लोक तिला कपडे वाळत घालायची काठी समजतात.
समजू देत.
एक्स्चेंजमधून रिटायर झालो तेव्हा
जावयानं प्लॉट सुचवला होता,
मी हा सेट घेतला
आणि वीस वर्षांचा परवाना. माझ्याहून जास्त टिकेल.

गल्लीतल्या दस्तगीरलाही बसवलं परीक्षेला.
तो बोअरच्या गाडीवर ड्रायव्हर,
सेलमची पोरं मशीन चालवतात, हा रस्ते.
केबिनमध्ये, साबणाच्या डबीत, त्याचा ट्रॅकर;
नावापुढं डॅश चौदा,
म्हणजे ट्रक, हे जगभर ठरलेलं.

नियम आहे, हा रेडिओ धंद्याला वापरायचा नाही.
मी मालकाला काही सांगत नाही.
मालक मोबाइलवर विचारतो, गाडी कुठंय,
आणि दस्तगीरचा मोबाइल
नेमका तेव्हाच चार्जिंगला असतो.

दर दोन मिनिटांनी स्पीकरमध्ये
मूठभर हरभरे पत्र्यावर पडावेत तसा आवाज,
अन् नकाशावर ठिपका सरकतो.
अठरा बेचाळीस उत्तर. शहात्तर पाच पूर्व.
केज आलं.
वेग चाळीस. तोंड उत्तरेला.
समुद्रापासून उंची इतकी इतकी.
कुठला समुद्र, अन् कुठं आम्ही!
पण उंचीला रकाना आहे.
खोलीला नाही.

धारूरच्या घाटात तो बुडतो.
बालाघाटच्या कड्यावर आमचा रिपीटर,
सोलरवर चालतो, गांधीलमाश्या सांभाळतो,
त्याला घाटातलं दिसत नाही.
वीस मिनिटं नुसती खरखर.
कमल आतून म्हणते, झोपा की,
तुम्ही जागून वळण सरळ होणारे का?
मग एकदम पलीकडे उगवतो ठिपका,
जसं काही झालंच नाही.
झालेलं नसतंच काही.

जिथं ठिपका थांबतो तिथं खोदकाम.
शेवटी थोडी जागा असते मजकुराला,
तो रोमन अक्षरांत लिहितो, घाईघाईनं:
५५०, dhul.
७२०, dhul.
८१०, dhul, chaha nahi.
मी वहीत तिसरा आकडा मांडत जातो,
अक्षांशापुढं, रेखांशापुढं,
माझ्या हातानं आखलेला रकाना.
एकदा भाड्याच्या जीपमधून कुणी आलं,
म्हणालं, काका, कुठं लागतंय तेवढं सांगा,
वहीचे दोन हजार देतो.
कुठं लागत नाही ते हाय म्हणलं यात. न्या.
नेली नाही.

परवा रात्री पावणेतीनला
आडसच्या अलीकडं ठिपका तीन तास हललेला नव्हता.
मग हरभरे पडले:
६४० lagla. khara.

चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
लागलं, खरं?
की लागलं, खारं?
या पाकिटात अक्षांश दशांशापर्यंत बसतो,
एक काना बसत नाही.
माईक उचलला, हाक दिली, पुन्हा दिली.
एवढ्याशा डबीला कान नसतात,
ती फक्त सांगते.
कमलला उठवलं. ती म्हणाली, खरंच असेल.
ती कुठल्याही गोष्टीला तसंच म्हणते.

सकाळी दस्तगीर आला,
भुवयांपर्यंत खडकाचं पीठ,
हातात बिसलेरीची बाटली, आत गढूळ पांढरं.
विचारलं, काय लिहिलंस रे?
त्यानं बाटली वहीवर ठेवली.
घ्या, म्हणला, तुम्हीच वाचा.