नॉन-मूव्हिंग

रबाळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं
यांनी स्टोअर सांभाळलं.
कुठला वॉशर कुठल्या खणात, कुठली गोणी किती दिवसांची,
डोळे मिटून सांगायचे.
घरी मोजे सापडायचे नाहीत.

निवृत्तीची शाल कपाटात गेली
आणि महिन्याच्या आत
ऐरोलीच्या आमच्या वन रूम किचनला
बिन कार्डं लागली.
डब्याडब्यावर दोऱ्याने बांधलेली:
आवक, जावक, शिल्लक.
म्हटलं, चिमूटभर हिंगाची जावक कशी लिहायची?
म्हणाले, अंदाजे.

दर एकतीस मार्चला मोजदाद.
हे स्टुलावर, मी खाली,
लॉफ्टच्या अंधारातून एकेक वस्तू हातात येते
आणि वरून प्रश्न:
शेवटची कधी वापरली?
तीन वर्षं हलली नाही ती नॉन-मूव्हिंग.
पाच झाली की डेड स्टॉक.

मिक्सरची तीन भांडी, मिक्सर केव्हाच गेलेला.
खोक्यात खोकं, त्यात खोकं,
सगळ्यात आत कशाची तरी वॉरंटी,
अठ्ठ्याण्णव साली संपलेली.
सोळा पेले कुणाच्या तरी मुंजीतले,
घासून घासून नाव गेलं,
"कडून सप्रेम" तेवढं उरलं.
मढवी काकू दारातून बघायच्या, म्हणायच्या,
अगो, टाकतेस कशाला, आमच्याकडे ठेव.
गावठाणात त्यांचं घर मजल्यावर मजला चढत होतं,
त्यांना काय.

एक फळी मात्र यांनी कायम रिकामी ठेवली.
मी पापड ठेवले, काढले.
पाहुण्यांच्या चादरी ठेवल्या, काढल्या.
भरलेलं स्टोअर चालत नाही, म्हणाले,
हलायला जागा लागते.
चारशे फुटांत रिकामी फळी!
आठवडाभर मी त्यांच्याशी भाजीपुरतंच बोलले.

आणि शलाकाचं घडीचं टेबल.
दहावीचा अभ्यास, कंपासने कोरलेली दोन अक्षरं,
ती कुणाची ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.
लग्न होऊन ती बडोद्याला गेली, टेबल लॉफ्टवर.
एक वर्ष, दोन वर्षं. तिसरं लागलं
तेव्हा मी हे दुपारी झोपलेले बघून
स्टुलावर चढले,
टेबल पुसलं, डावीकडून उजवीकडे सरकवलं
आणि कार्डावर लिहिलं:
जावक एक, आवक एक.
पुढच्या वर्षी उजवीकडून डावीकडे.
हललं की झालं ना?
अशी मी सात वर्षं खोटी वही लिहिली.

मागच्या जानेवारीत शलाका आली.
दोन बॅगा, एक कुंडी.
कुंडी कशाला आणली, एवढंच मी विचारलं.
हे काही बोलले नाहीत. स्टूल आणलं.
टेबल खाली आलं, कार्ड दोऱ्यावर लोंबत होतं.
माझ्या सात नोंदी, वाकड्या अक्षरातल्या,
आणि प्रत्येकीपुढे लाल शाईत
बारीक बरोबरची खूण,
खाली यांची सही, तारखेसकट.

टेबल उघडेना.
खाडीच्या वाऱ्याने बिजागरी खाल्ली होती.
शिलाई मशीनचं तेल यांनी
दहा सेकंदांत आणून दिलं,
खण चार, डावीकडे,
आणि माझ्याकडे बघितलं.
बरं बाई, म्हटलं मनात, जिंकलात.

रिकाम्या फळीत तिचे कपडे मावले,
सगळे नाही.
एक बॅग पॅसेजमध्येच राहिली. येताजाता पाय लागतो.
एकतीस मार्च आला.
यांनी पेन घेतलं, पंख्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं मोजलं.
बॅगेपाशी आले,
तिला थोडी भिंतीकडे सारली
आणि पुढे गेले.