रुमाल, पिवळे, नग चाळीस

घोडबंदर रोडच्या आत, कोलशेतच्या खाडीकडे,
बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यात
सध्या नर्मदेचा काठ आहे.
वडाच्या पारंब्या काथ्याच्या. देवी फायबरची,
जीभ कळव्याहून रंगवून आलेली, अजून ओली,
हात लावू नये, अशी चिठ्ठी.

मी कपडेपटात.
काल रात्रभर हळदी रंगात बुडवून,
पिळून, वाळवून, इस्त्री करून
चाळीस रुमाल मोजले.
प्रत्येकाच्या टोकाला गाठ, गाठीत रुपया.
खरा ठेवा, म्हणाले दिग्दर्शक,
खोट्याला वजन येत नाही.

ठग मला आधीपासून माहीत.
चरईतल्या खोलीत अण्णा वाचून दाखवायचे
रद्दीतून आणलेली, कव्हर नसलेली कादंबरी.
आमराईत जाजम पसरलेलं, वाटसरू हसतोय,
जमादार म्हणतो, "तंबाखू काढा"
आणि पुढची पानंच नव्हती.
तेवढ्यावर आम्ही झोपायचो.
कित्येक वर्षं तो वाटसरू माझ्या डोक्यात
मान जराशी पुढे करून बसलेला,
तंबाखू घेतोय की मरतोय, नक्की नाही.

सिनेमांनी मग त्याला मारलं, पुन्हा पुन्हा.
मारणारे कधी दाढीवाले, कधी राख फासलेले,
एकदा तर घोड्यावरून.
पायी चालणारी माणसं ती, मैलोन् मैल,
पण चालण्यात कॅमेऱ्याला काय मिळणार?
साहेब मात्र दर वेळी तोच:
स्वच्छ शर्ट, टाक, दौत, आणि समोर
माफीचा साक्षीदार, भडाभडा बोलणारा.
वहीत जे उतरलं
तेवढंच जंगल.

आज साहेब झालेत पाचपाखाडीचे एक दंतवैद्य,
हौशी, गोरेपान. मिशी चिकटत नाही त्यांना.
ठगांत डावीकडून तिसरा फौजदार काळे.
नावच फौजदार. पारध्यांत ठेवतात असं.
त्याचा भाऊ कलेक्टर, शहापूरला विटा पाडतो.
"याला काजळ नको," म्हणाले दिग्दर्शक,
"चेहरा आहेच."

चहाच्या वेळी तो मला म्हणाला,
आजा दिवसातून तीनदा ठाण्यात जायचा, हजेरीला.
मला वाटलं, ठाण्यात म्हणजे आपल्या. इथे.
हसला. "त्ये ठाणं न्हाई, ताई.
सायबाचे ठग संपले, पर वही उरली होती.
मग आमाला घातलं तीत."
आणि स्पॉटबॉयकडे वळून, "तंबाखू काढ रे."
पोराचा हात आधी गळ्याकडे गेला,
मग खिशाकडे.

साडेनऊला पॅकअप. रुमाल मोजले. एकोणचाळीस.
पुन्हा मोजले.
"एक कमी आहे," मी एवढंच म्हणाले,
कुणाकडेही न बघता.
न बघता?
तोवर फौजदारनं पिशवी उलटी केली होती
नर्मदेच्या काठावर:
डबा, तुटलेला चपलेचा अंगठा,
आधारची झेरॉक्स, प्लास्टिकात, दोनदा दुमडलेली.
मग हात अंगापासून लांब धरून उभा राहिला.
झडती घ्यायला कुणी पुढे आलं नव्हतं.
मॉनिटरजवळून दिग्दर्शक ओरडले,
"हे! अगदी हेच हवं होतं दुपारी!"

चाळिसावा इस्त्रीच्या मुठीला होता.
मूठ पोळते म्हणून सकाळी मीच गुंडाळलेला.
तो कासारवडवलीच्या बसने गेल्यावर दिसला.
गाठीतला रुपया अजून कोमट.

वहीत लिहिलं: रुमाल, पिवळे, नग चाळीस.
खाली सही.

उद्या त्याच्या फाशीचा सीन.
सात वाजता बोलावलंय.
हजेरी मी घेते.