शिसं

रेल्वे लाईनीच्या अलीकडे, वेड्या बाभळीत
ऑल्डरसन घराण्याची पाच थडगी.
थोरला मिलमध्ये विणाई खात्याचा मास्तर होता म्हणे,
बायको, दोन भाऊ, आणि कडेला
पाटाएवढी एक फरशी.

मी दहा वर्षांचा. बापाचा माग नवा,
जॅकार्डच्या दोऱ्यांना लोंबवायला वजनं नव्हती.
चोरून आण असं राजण्णा कधी बोलला नाही,
नुसतं म्हणाला, शिसं महाग झालंय रे.

संगमरवरात शिसं ठोकून बसवलेली अक्षरं,
मोडक्या फणीच्या दातानं उचकटली की सुटायची.
मला इंग्रजी येत नव्हतं.
मी बांगडी घेतली, शिडी घेतली,
नाग घेतला, धनुष्य घेतलं.
चड्डीचे खिसे गुडघ्यापर्यंत ओघळले.
आईनं तेलुगूत विचारलं, कुठून?
बापानं चूल फुंकली.

पळीत अक्षरं वितळताना
आधी कडा जातात, मग मधलं भोक,
शेवटी सायीसारखी एक राखाडी सुरकुती.

त्या वजनांवर तीस वर्षं चादरी निघाल्या.
मोर, कमळ, वेल.
पावडी दाबली की एक घराणं वर जायचं
सोडली की खाली.
कुणाकुणाच्या अंगावर असेल ते आता,
लातूरला, बिदरला, आहेराच्या ट्रंकेत घडी घालून.

पाटाएवढ्या फरशीची अक्षरं मी काढली नव्हती.
दया म्हणून नाही. बारीक होती,
नख भरेल एवढंसुद्धा शिसं नव्हतं त्यात.
म्हणून तेवढी उरली:
ॲलिस. सात महिने. एप्रिल.
सोलापूरचा एप्रिल.
पुढं काही लिहिलेलं नाही.

परवा राखणदार शांतवन रणभिसे चहाला भेटला.
विलायतेहून पत्र आलंय, म्हणाला, नावं विचारतायत.
नारळाच्या शेंडीनं घासून घासून दमलो,
हाताला नुसती भोकं लागतात.
मी बशीतला चहा संपवला.
ती भोकं मला पाठ आहेत हे सांगितलं नाही.

माग भंगारात जाऊन वीस वर्षं झाली.
माळ्यावरचा डालड्याचा डबा काढला,
सायकलच्या कॅरेजला सुतळीनं बांधला,
दुपारच्या उन्हात फाटकाशी नेऊन ठेवला.
अक्षरं आहेत, म्हणालो.

शांतवननं झाकण उघडलं नाही.
माझ्याकडे बघितलंही नाही फारसं.
एका हातानं डबा उचलायला गेला,
मग दुसरा हात लावला.
"आडनाव असणार," म्हणाला. "जड आहे."