चाळणी

धारणीच्या पुढे, सागाच्या पाचोळ्यात
ती सापडली तेव्हा मला वाटलं तीळ आहे,
आईच्या गव्हाच्या चाळणीत चालू लागलेला तीळ.

भिंगाखाली आठ डोळे, त्यातले दोन अंमळ तिरके.
पुस्तकातली एकही किल्ली तिला लागेना.
चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलं:
मादी, एक. नाल्याचा डावा काठ.
वेचणारा सुखलाल बेठेकर.
नावाची जागा कोरी.

किल्ली नराजवळ असते.
तो मिळेतो नाव नाही, हा माझाच हट्ट.
तीन हिवाळे आम्ही दोघं ओणवे.
सुखलाल म्हणाला, सर,
हरवलेली म्हैस एवढी शोधली असती
तर घरी दूध तरी असतं.

आई चाळणीला शिवेना.
"कातिणीची झाली ते. टांग तिकडं खिळ्याले."

काल दिवे लागले तेव्हा
जाळीच्या एका घरात काही हललं.
कणीएवढा.
पुढचे दोन पाय उचलून
थांबायचा, पुन्हा उचलायचा.
खाली फळीवर तिची बाटली,
स्पिरिटात तीन वर्षं.

मी खिशातून कुपी काढली.
झाकण फिरवायला फार वेळ लागला.

आतून आई म्हणाली,
"धुऊ का आता ते चाळणी?"