रोजनामा

कुर्ला कोर्टात एकोणीस वर्षं
मी रोजनामा टाइप करते.
कोण आलं, कोण नाही, पुढची तारीख.
विशेषणं चालत नाहीत त्यात.

हवालदार म्हणाला, गर्दुल्ला आहे साहेब,
पुलाखाली मिळाला, दोन पुड्या, एक चांदीचा कागद.
मी टाइप केलं: आरोपी हजर.
दिगंबर वैती, वय सव्वीस, राहणार ट्रॉम्बे कोळीवाडा.
नाक गळत होतं, घोटे खाजवून सोललेले,
आणि ऐन एप्रिलात अंगात स्वेटर.

नव्या मॅडमनी फाइल मिटली.
सोडायचंय का तुला हे?
वकिलांनी तोंड उघडलं.
तुम्ही नाही. तो.
तो म्हणाला, आज नाही सांगता यायचं. उद्या विचारा.

तारीख मागावी ती वकिलांनी.
आरोपीनं मागितलेली मी पहिल्यांदा पाहिली,
आणि मिळाली, उद्याचीच.

कलम चौसष्ट अ. उपचारासाठी बंधपत्रावर मुक्त.
'मुक्त' टाइप करताना मी मान वर केली.
तो भिंतीला धरून उभा होता.

मग मंगळवारमागून मंगळवार.
केंद्राची पिवळी वही, डॉक्टरांची सही,
लघवीच्या तपासणीचा कागद चार घड्या घालून
पाकिटात, जिथं लोक नोटा ठेवतात.
मॅडम विचारायच्या: झोप लागते?
जेवण जातं? आई बोलते का?
ह्याला रोजनाम्यात रकाना नाही.
मी लिहायची: आरोपी हजर. अहवाल दाखल.
आणि माझ्या डायरीत, पेन्सिलनं, उगाच:
झोप दोन तास.
झोप चार.
आई बोलली. म्हणाली, जाळं फाटलंय, बस शिवायला.

सातव्या मंगळवारी कागद नव्हता.
कुणी विचारायच्या आत तोच म्हणाला,
खोटं पाठ करून आलो होतो बसमध्ये. विसरलो.
घेतली. शनिवारी.
सरकारी वकील उठले, बंधपत्र रद्द करा.
डोक्यावर पंखा कुरकुरत राहिला.
शनिवारी काय झालं होतं?
काही नाही मॅडम.
सकाळपासून रात्रीपर्यंत काहीच झालं नाही.

पुढील तारीख: गुरुवार.
दर शनिवारी हजेरी केंद्रात, दिवसभर.
दोन ओळींचा आदेश.
मी तो दोनदा वाचला, चूक शोधत असल्यासारखा.

त्याच आठवड्यात इलियास सोलकर.
तोच पूल, तेवढ्याच पुड्या, फक्त वर्ष वेगळं, साहेब वेगळे.
तो तुरुंगात जाऊन आला होता दोनदा.
शिपाईमामांनी तीनदा पुकारा केला,
तिसऱ्या वेळी आवाज जरा खाली आला.
दारातून पोलीस म्हणाला, गेला तो. सुटल्यावर नवव्या दिवशी.
आरोपी मयत. प्रकरण बंद.
एक मिनिट लागलं टाइप करायला.
त्याला झोप लागत होती का,
माझ्याकडे कुठंच नोंद नाही.

दिगंबरला तेरा महिने लागले.
मध्ये आणखी एकदा घसरला, ते मी लिहीत नाही.
शेवटच्या दिवशी आदेशाची प्रत हातात घेऊन
बोट फिरवत वाचत गेला, बाजारात भाव वाचावा तसा.
बाई, ह्यात मी आरोपीच आहे अजून.
नमुना छापील असतो, मी म्हटलं.
बरं, म्हणाला. बोटांना ओल्या दोऱ्याचा वास होता.

पुढच्या मंगळवारी पुन्हा आला.
मामा म्हणाले, तारीख नाही रे तुझी.
माहिताय.
मागच्या बाकावर बसला.
शेजारी एक पोरगा, स्वेटरात, गुडघे थरथरत,
त्याच्यासाठी वीतभर सरकला.
बोलले नाहीत दोघं.

साडेबाराला मान वर केली तेव्हा बाक रिकामा.
डायरीत पेन्सिलनं लिहिलं:
वैती आला होता.
झोप, विचारायची राहिली.